रोमवरचा चित्रपट तपासायचा कसा? ‘ग्लॅडिएटर’ समोर ठेवून

इ. स. १९२ मध्ये रोमच्या मोठ्या रंगभूमीत, म्हणजे झुंजींच्या आखाड्यात, सम्राट कॉमोडसने एका शहामृगाचं डोकं छाटलं. एका हातात ते डोकं आणि दुसऱ्या हातात रक्ताळलेली तलवार घेऊन तो सिनेटरांच्या आसनांसमोर आला. बोलला काहीच नाही, नुसतं हसत मान डोलावली. पुढची पाळी तुमची, असा त्याचा अर्थ होता. समोर बसलेल्यांना भीतीऐवजी हसू आवरेना, आणि हसलो तर जीव जाणार हेही सगळ्यांना कळत होतं. तेव्हा त्यांच्यातल्या एकाने डोक्यावरच्या माळेतली लॉरेलची पानं तोडून चघळायला सुरुवात केली आणि शेजाऱ्यांनाही तसंच करायला सांगितलं, म्हणजे तोंडं हलत राहतील आणि हसू लपेल. तो माणूस होता कॅसिअस डिओ. पुढे त्याने रोमचा इतिहास लिहिला आणि हा प्रसंग त्यात नोंदवला.

रोमवरच्या चित्रपटांची ऐतिहासिक तपासणी करायची ती अशा प्रसंगांपर्यंत पोचण्यासाठी. ‘हे चुकलं, ते चुकलं’ अशी यादी कोणीही करू शकतो. माझ्या पहिल्या वहीत मीही तेवढंच केलं होतं. तीन पानं भरली, पण चित्रपटाने रोमविषयी काय सांगितलं आणि काय दडवलं, याचा एक शब्दही त्यात नव्हता. त्यानंतर हळूहळू जी पद्धत बसत गेली, ती इथे देतो आहे. उदाहरणाला रिडली स्कॉटचा २००० सालचा ‘ग्लॅडिएटर’ घेतला आहे, कारण तो बहुतेकांनी पाहिलेला आहे आणि त्याचा काळ नेमका सांगता येतो. अधूनमधून दुसऱ्या चित्रपटांकडेही वळू.

आधी साल आणि ठिकाण पक्कं करा

‘प्राचीन रोम’ नावाचा एकच काळ नव्हता. परंपरेप्रमाणे शहराची स्थापना इ. स. पू. ७५३ ची, राजे जाऊन प्रजासत्ताक आलं ते इ. स. पू. ५०९ मध्ये, आणि पश्चिमेतला शेवटचा सम्राट पदच्युत झाला इ. स. ४७६ मध्ये. बारा शतकांहून अधिक काळ. शिवकालावरच्या चित्रपटात कोणी सातवाहनांच्या वेशात फिरू लागला तर आपण खुर्चीत ताठ होऊ. रोमच्या बाबतीत मात्र तेवढंच अंतर आपल्या नजरेतून सहज सुटतं.

म्हणून वहीच्या पहिल्या ओळीत साल आणि ठिकाण लिहा. ‘ग्लॅडिएटर’साठी: इ. स. १८०, डॅन्यूब नदीपलीकडची युद्धभूमी, नंतर रोम. एवढ्या एका ओळीने निम्मं काम होतं. कलोसियम या सालात असेल का? असेल. सम्राट व्हेस्पेशियनने ते बांधायला घेतलं आणि इ. स. ८० मध्ये त्याचा मुलगा टायटसने त्याचं उद्घाटन केलं. त्याला तेव्हा ‘कलोसियम’ म्हणत नसत, फ्लेवियन घराण्याचं अँफिथिएटर म्हणत, पण इमारत तीच. सीझर किंवा गुलामांच्या बंडाचा पुढारी स्पार्टाकस यांच्या काळातल्या दृश्यात मात्र ती दिसली तर शंभर-दीडशे वर्षांची गल्लत झाली.

चित्रपट दोनदा पाहा

पहिल्यांदा वही मिटलेली ठेवा. कथेने तुम्हाला कुठे हलवलं ते आधी कळायला हवं, कारण इतिहास बदलला जातो तो बहुधा नेमका तिथेच. दुसऱ्यांदा थांबत थांबत पाहा आणि पानावर चार रकाने आखा: दृश्य कितव्या मिनिटाला, काय दिसलं किंवा काय बोललं गेलं, पुरावा काय, आणि फरक असल्यास त्याने कथेत काय साधलं. चौथा रकाना बहुतेक जण गाळतात. माझ्या मते सगळ्यात मोलाचा तोच.

खरी माणसं आणि रचलेली माणसं वेगळी करा

पात्रांची नावं एकाखाली एक लिहा. ‘ग्लॅडिएटर’मध्ये सम्राट मार्कस ऑरेलिअस, त्याचा मुलगा कॉमोडस आणि मुलगी ल्यूसिला ही खरी माणसं. नायक मॅक्सिमस रचलेला आहे. त्याचं नावच ते सांगून टाकतं: मॅक्सिमस डेसिमस मेरिडिअस. रोमन पुरुषाच्या नावात आधी व्यक्तिनाम, मग कुळनाम, शेवटी उपनाम असा क्रम असे. ‘डेसिमस’ हे व्यक्तिनाम, म्हणजे नाव डेसिमसने सुरू व्हायला हवं होतं आणि मॅक्सिमस शेवटी यायला हवं होतं.

आता खऱ्या माणसांची आयुष्यं पडद्यावरच्या आयुष्यांशेजारी ठेवा. घाई करू नका, चित्रपटाचं खरं रूप इथेच उघडं पडतं.

मार्कस ऑरेलिअस १७ मार्च १८० रोजी मोहिमेवर असतानाच वारला. पडद्यावर कॉमोडस त्याला छातीशी कवटाळून गुदमरवतो, कारण बापाने सत्ता त्याला न देता मॅक्सिमसच्या हवाली करून प्रजासत्ताक परत आणायचं ठरवलेलं असतं. प्रत्यक्षात १७७ पासून कॉमोडस बापाबरोबर सहसम्राट होता. वारसाचा प्रश्न तीन वर्षांपूर्वीच मिटला होता, आणि तो मिटवला होता खुद्द मार्कसने. डॉक्टरांनी कॉमोडसला खूश करण्यासाठी विष दिलं, असं डिओ लिहितो. म्हणजे संशय जुना आहे. पण मार्कसला प्रजासत्ताक हवं होतं, याला काहीही आधार नाही.

सम्राट झाला तेव्हा कॉमोडस अठरा वर्षांचा होता. पडद्यावरची त्याची कारकीर्द काही महिन्यांत आटोपल्यासारखी वाटते. खरी कारकीर्द बारा वर्षांहून अधिक चालली. त्याची थोरली बहीण ल्यूसिला हिने त्याच्याविरुद्ध कट केला हे खरं आहे. कट फसला, तिला काप्री बेटावर पाठवलं आणि तिथे मारलं. हे सगळं कारकिर्दीच्या सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांत घडलं. चित्रपटात मात्र ती भावाच्या मागे जिवंत राहते आणि शेवटच्या दृश्यात रोमच्या भवितव्याविषयी बोलते.

शेवट पाहा. पडद्यावर कॉमोडस रंगभूमीत नायकाच्या हातून मरतो. प्रत्यक्षात ३१ डिसेंबर १९२ रोजी त्याच्या जवळच्याच माणसांनी त्याला आधी विष दिलं, ते लागू पडेना म्हणून नार्सिसस नावाच्या पैलवानाला आत पाठवलं आणि त्याने गळा दाबला. पुढे काय झालं ते तर चित्रपटाच्या नेमकं उलट आहे. नवा सम्राट पर्टिनॅक्स तीन महिन्यांत मारला गेला. मग सम्राटाच्या रक्षकदलाने गादी अक्षरशः लिलावात काढली आणि डिडिअस ज्यूलिअनसने ती बोली लावून घेतली. यादवी पेटली. प्रजासत्ताक कुठेच आलं नाही.

जुन्या लेखकांना विचारा: तू तेव्हा कुठे होतास?

‘इतिहासात असं लिहिलं आहे’ हे वाक्य पुरेसं नाही. कोणी लिहिलं, घटनेनंतर किती वर्षांनी, आणि कोणासाठी, हे पाहायला हवं.

कॉमोडससाठी डिओ आणि हिरोडियन हे दोघे त्याच्याच काळातले. डिओ प्रत्यक्ष साक्षीदार, पण सिनेटर. सिनेटरांचा अपमान करणाऱ्या सम्राटाबद्दल तो मवाळ लिहिणार नाही, हे धरून चाला. ‘हिस्टोरिया ऑगस्टा’ नावाचा तिसरा ग्रंथ फार रंगतदार आहे, पण तो जवळपास दोनशे वर्षांनंतरचा आणि जागोजाग बनावट. दुसऱ्या कशाचा आधार नसेल तर त्यातली गोष्ट वहीत पेन्सिलीने लिहा. टॅसिटस आणि स्वेटोनिअस या रोमन लेखकांची नावं सगळ्यांच्या तोंडी असतात, पण दोघांचंही लेखन सम्राट डोमिशियनपाशी, म्हणजे इ. स. ९६ पाशी थांबतं. कॉमोडसविषयी कोणी त्यांचा दाखला देत असेल तर तिथेच सावध व्हा.

स्पार्टाकसचं उदाहरण यापेक्षा अवघड. बंड इ. स. पू. ७३ मध्ये कापुआतून सुरू झालं आणि ७१ मध्ये चिरडलं गेलं. त्याची सविस्तर हकिकत देणारे प्लूटार्क आणि अ‍ॅपियन हे पावणेदोनशे ते सव्वादोनशे वर्षांनंतरचे. स्पार्टाकस लढताना पडला आणि त्याचा मृतदेह सापडला नाही, असं अ‍ॅपियन सांगतो. पकडलेल्या सहा हजार बंडखोरांना कापुआ ते रोम या रस्त्यावर सुळी दिलं, हेही त्याचंच. १९६० च्या चित्रपटात स्पार्टाकस स्वतः क्रुसावर दिसतो आणि त्याआधी कैदी एकामागून एक उठून ‘मी स्पार्टाकस’ म्हणतात. दोन्ही गोष्टी रचलेल्या. सहा हजारांची ती रांग मात्र अ‍ॅपियनची आहे.

पुस्तकं इंग्रजी अनुवादात जालावर फुकट मिळतात, कारण जुन्या अनुवादांचे हक्क संपले आहेत. चित्रपटावरचे दहा लेख वाचण्याआधी डिओची कॉमोडसवरची वीस-पंचवीस पानं वाचा. एका दुपारचं काम आहे.

पुस्तकांइतकीच नाणी, शिलालेख आणि पुतळे कामाला येतात. कॉमोडसचा प्रसिद्ध अर्धपुतळा रोमच्या कॅपिटोलाइन संग्रहालयात आहे: डोक्यावर सिंहाचं कातडं, हातात गदा, हर्क्युलिसचा अवतार. आणि दाढी. हेड्रियनपासून सम्राट दाढी राखत होते. चित्रपटातला कॉमोडस मात्र तुळतुळीत. दुसरं उदाहरण शिलालेखाचं. मार्कसने रोममध्ये खेळ बंद केले होते आणि कॉमोडसने ते परत आणले, असं चित्रपट सांगतो. पण आजच्या स्पेनमधल्या इटालिका इथे सापडलेल्या ब्रॉन्झच्या पत्र्यावर त्याच काळातला सिनेटचा ठराव कोरलेला आहे, मार्कस आणि कॉमोडस दोघेही सत्तेवर असतानाचा. विषय काय, तर ग्लॅडिएटरांच्या किमतींवर मर्यादा. बंद पडलेल्या धंद्याचे दर कोणी बांधून देत नाही.

वस्तू तपासा, पण त्यात अडकून पडू नका

घोड्यापासून सुरुवात करा. रिकिबीत पाय घातलेला रोमन स्वार जवळपास प्रत्येक चित्रपटात दिसतो. रोमनांकडे रिकीब नव्हती. युरोपात ती सहाव्या-सातव्या शतकात अवार नावाच्या घोडेस्वार टोळ्यांबरोबर आली. रोमन खोगिराला चार कोपऱ्यांवर चार शिंगं असत आणि त्यांत मांड्या अडकवून स्वार पक्का बसे. नटाच्या जिवाची काळजी म्हणून निर्माते रिकिबी ठेवतात. ही तडजोड मला पूर्ण मान्य आहे.

चिलखताचं तसं नाही. लोखंडी पट्ट्या एकावर एक बसवलेलं चिलखत म्हणजे रोमन सैनिक, हे चित्र आपल्या डोक्यात पक्कं बसलं आहे. त्याचे सर्वांत जुने अवशेष ऑगस्टसच्या काळातले. सीझरची हत्या इ. स. पू. ४४ मधली, म्हणून त्याच्या सैनिकांच्या अंगावर कड्यांचं चिलखत हवं. २००५ साली आलेल्या ‘रोम’ या मालिकेने हे नीट सांभाळलं. तिचे दोन नायक, पुलो आणि व्होरेनस, हेही हवेतले नाहीत: गॉलच्या युद्धावरच्या आपल्या ग्रंथाच्या पाचव्या भागात सीझरने या नावाच्या दोन सेंच्युरियनांची, म्हणजे तुकडीनायकांची, चढाओढ वर्णिली आहे.

‘ग्लॅडिएटर’च्या सुरुवातीची लढाई पाहताना रोममधल्या मार्कस ऑरेलिअसच्या स्तंभाची छायाचित्रं शेजारी उघडा. याच युद्धांची कोरीव चित्रं त्यावर आहेत. मग लढाईतले आगीचे गोळे फेकणारे जड यंत्रगोफणे आठवा. असली यंत्रं मुख्यतः वेढ्यासाठी. गाड्यावर चढवलेली बाण फेकणारी हलकी यंत्रं मैदानात नेत, ती ट्रेजनच्या स्तंभावर दिसतात. जंगलाच्या कडेला आगीचा वर्षाव करणारं तोफखान्यासारखं दळ ही पडद्याची गरज. त्या लढाईत धावणारा जर्मन शेफर्ड कुत्रा तर १८९९ मध्ये प्रमाणित झालेल्या जातीचा.

जेवणाच्या दृश्यात टोमॅटो, बटाटा, मका, मिरची शोधा. चारही अमेरिकेतून आलेली. काळी मिरी मात्र असायलाच हवी, आणि ती आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून गेलेली. भारताकडे दर वर्षी पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) वाहून जातात, अशी तक्रार पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी याने केली आहे. ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई या रोमन शहरात १९३८ मध्ये हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी नातं सांगणारी हस्तिदंती मूर्ती धाराशिव जिल्ह्यातल्या तेर इथे मिळाली आहे. तेर म्हणजे ग्रीक खलाशांच्या वाटाड्या ग्रंथातलं ‘तगर’, पैठणच्या जोडीने आलेलं. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर समुद्रदेव पोसायडनची ब्रॉन्झची मूर्ती निघाली. रोमच्या बाजारात भारतीय माल दाखवणारा दिग्दर्शक मला अजून भेटलेला नाही, आणि ही उणीव मला रिकिबीपेक्षा जास्त खुपते.

रंगही पाहा. पडद्यावरचं रोम पांढरंशुभ्र असतं. खऱ्या रोममध्ये पुतळे रंगवलेले, भिंती लाल-पिवळ्या, त्यांवर निवडणुकीच्या घोषणा आणि शिव्या खरडलेल्या. पाँपेईत त्या अजून वाचता येतात. टोगा हा लोकरीचा, जड, नागरिकाने औपचारिक प्रसंगी घालायचा वेश. रोजच्या रस्त्यावर बहुतेक लोक साध्या अंगरख्यात असत.

दृश्य कुठून आलं ते शोधा

ही पायरी मला सगळ्यात आवडते. रोमवरचे चित्रपट रोमवरून कमी आणि आधीच्या चित्रांवरून जास्त घडतात.

अंगठा खाली केला की मरण, हे प्रत्येकाला माहीत आहे. लॅटिनमध्ये ‘वळवलेला अंगठा’ एवढेच शब्द मिळतात. तो कुठल्या दिशेला वळवलेला, हे कोणी सांगत नाही. खाली वळलेला अंगठा लोकांच्या मनात पक्का केला तो जेरोम या फ्रेंच चित्रकाराच्या १८७२ च्या चित्राने. रिडली स्कॉटला निर्मात्यांनी आधी हेच चित्र दाखवलं आणि तो चित्रपटाला तयार झाला.

हात सरळ पुढे करून केलेला ‘रोमन सलाम’ कुठल्याही रोमन ग्रंथात वर्णिलेला नाही. त्याचा उगम फ्रेंच चित्रकार दाविदच्या १७८४ च्या ‘होरातींची शपथ’ या चित्रात सांगतात. तिथून तो रंगमंचावर गेला, मग मूकपटांत, आणि तिथून फॅसिस्टांच्या हातात.

‘मरायला निघालेले तुला वंदन करतात’ हे वाक्य स्वेटोनिअसमध्ये आहे, पण एकाच प्रसंगी: सम्राट क्लॉडिअससमोर इटलीतल्या फुसिन सरोवरावर झालेल्या लुटुपुटीच्या नौकायुद्धाच्या वेळी. ते म्हणणारे ग्लॅडिएटर नव्हेत, त्या लढाईत उतरवलेले लोक. रोजचा रिवाज तो चित्रपटांनी केला.

१९५९ च्या ‘बेन-हर’मध्ये साखळदंडाने बांधलेले गुलाम युद्धनौका वल्हवतात. रोमन नौदलात वल्ही मारणारे स्वतंत्र, भरती झालेले लोक होते. साम्राज्याच्या काळात सव्वीस वर्षांच्या नोकरीनंतर त्यांना नागरिकत्व मिळे, आणि त्याचे ब्रॉन्झचे दाखले आज संग्रहालयांत आहेत. बेड्यांतले वल्हेकरी हे सोळाव्या-सतराव्या शतकातल्या भूमध्य समुद्राचं चित्र.

आणि ‘ब्रूटस, तूसुद्धा?’ आपल्याकडे शाळेपासून तोंडात बसलेलं ते लॅटिन वाक्य शेक्सपिअरच्या नाटकातून आलं. स्वेटोनिअस म्हणतो की काहींच्या मते सीझर ग्रीकमध्ये ‘तूसुद्धा, बाळा?’ म्हणाला, स्वतः तो म्हणतो, एका हुंकारापलीकडे काही नाही. खून फोरममधल्या, म्हणजे रोमच्या मुख्य चौकातल्या, सिनेटगृहातही झाला नाही. सभा त्या दिवशी पाँपेच्या नाट्यगृहाला जोडलेल्या दालनात होती.

खोटं वाटणाऱ्या खऱ्या गोष्टींचंही पान ठेवा

तपासणी एकाच दिशेने केली तर तीही खोटी ठरते. स्त्री ग्लॅडिएटर? होत्या. आजच्या तुर्कस्तानातल्या हॅलिकार्नासस या प्राचीन शहरातलं एक शिल्प ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, त्यात ‘अ‍ॅमेझॉन’ आणि ‘अकिलिया’ या दोघी लढताना कोरल्या आहेत. रंगभूमीत गेंडा? डोमिशियनच्या छोट्या नाण्यावर तो छापलेला आहे. त्याच्यावर बसलेला स्वार मात्र पडद्यावरचा. कलोसियममध्ये पाणी भरून नौकायुद्ध? टायटसच्या उद्घाटनाच्या खेळांत ते झालं असं डिओ सांगतो. पुढे जमिनीखाली खोल्या आणि भुयारं बांधल्यावर तसं करणं शक्य राहिलं नाही. म्हणून ‘ग्लॅडिएटर’च्या २०२४ च्या दुसऱ्या भागातलं, सव्वाशे वर्षांनंतरचं नौकायुद्ध चुकतं ते काळाने. त्यातल्या शार्क माशांना मात्र कशाचाच आधार नाही.

उलट जे अगदी खरं वाटतं तेच सर्वांत अवास्तव असू शकतं. ग्लॅडिएटर म्हणजे प्रत्येक झुंजीत मरण, हे त्यातलं पहिलं. शिकवलेला ग्लॅडिएटर महाग मालमत्ता होती. झुंज ठरलेल्या जोड्यांत होई, हातात काठी घेतलेला पंच शेजारी उभा असे, आणि हरलेला पुष्कळदा सोडून दिला जाई. पाँपेईच्या भिंतींवर विजय आणि ‘सोडला’ अशा नोंदी नावानिशी आहेत. चित्रपटांत पंच जवळजवळ कधीच नसतो. तो आला की हा कत्तलखाना नसून नियमांनी बांधलेला खेळ होता हे दिसतं, आणि ते पचवणं जास्त कठीण आहे.

शेवटी वजन करा

वही भरली की प्रत्येक फरकापुढे एक प्रश्न लिहा: हा दुरुस्त केला तर कथा कोसळते का? रिकिबी काढल्या, कॉमोडसला दाढी लावली, नायकाचं नाव सरळ केलं, तरी ‘ग्लॅडिएटर’ तसाच उभा राहील. हे हलके फरक. पण कॉमोडस तीन वर्षं सहसम्राट होता हे मान्य केलं तर बापाचा खून, हिरावलेला वारसा, सूड, सगळंच जातं. आणि सत्तेवरचा एक दुष्ट माणूस मारला की प्रजासत्ताक परत येतं, हे विधान १९३ च्या लिलावासमोर ठेवलं तर शेवटचं दृश्य उभं राहत नाही. जड फरक तो हा. निकाल लिहिताना हलके फरक दोन ओळींत आटपा आणि उरलेली जागा जड फरकांना द्या.

निकाल ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ असा देऊ नका. माझ्या वहीत ‘ग्लॅडिएटर’पुढे असं आहे: ‘जमावाची भूक आणि सम्राटाचं त्या जमावावरचं अवलंबन खरं. कॉमोडसचं रंगभूमीचं वेड खरं. राजकारण विसाव्या शतकाचं. सिनेटरांची भीती आहे, पण त्यांचं कोंडलेलं हसू नाही.’ आता डिओचं ते पान काढा, शहामृगाचा प्रसंग पुन्हा वाचा, आणि मग कलोसियममधलं कॉमोडसचं पहिलं दृश्य लावून सिनेटरांच्या चेहऱ्यांकडे पाहा.